थंडी आधी की रोप आधी

[दृश्य: पहाट. नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या बाजूचं एक वावर. धुऱ्यावरून सरपटत येणारा धूर.]

हे धुकं नाही, धूर आहे. गोवऱ्या आणि ओला काडीकचरा. कांद्याच्या रोपांना थंडी लागू नये, म्हणून पहाटे चारला काकूंनी चारही धुऱ्यांवर पेटवून दिला. वारा पडलेला आहे, त्यामुळे धूर वर जात नाही, वाफ्यांवरच पसरून राहतो. काल संध्याकाळी रोपांना हलकं पाणीही देऊन झालंय. ओल्या मातीत दिवसाची ऊब जास्त साठते आणि रात्रभर ती हळूहळू सुटत राहते. कोरड्या, भुसभुशीत मातीला हे जमत नाही.

[दृश्य: गादीवाफ्यावरची रोपं, जवळून. पातीच्या टोकावर दवाचा थेंब.]

नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना मे महिनाच आठवतो. पण समुद्र दोन्हीकडून लांब, हिवाळ्यात आभाळ निरभ्र आणि उत्तरेकडून कोरडा वारा. रात्री जमिनीतली उष्णता थेट वर निघून जाते. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर आला, तो या शहराच्या नोंदींमधला नीचांक ठरला. त्याआधीचा नीचांक १९३७ च्या जानेवारीतला, ३.९ अंशांचा. मधली ऐंशी वर्षं तेवढी थंडी पडली नव्हती.

या थंडीच्या तोंडावर कांदा लावायचा असतो.

[दृश्य: काकू रोपं उपटताना. मुळांची माती झटकणारे हात.]

बी टाकलं होतं दिवाळीच्या सुमाराला. सहा ते आठ आठवड्यांत रोप लावणीला येतं. उपटायच्या आदल्या दिवशी वाफा भिजवायचा, नाहीतर मुळं जमिनीतच राहतात. काकू एकेक जुडी हातात घेतात, बारकी रोपं एका बाजूला टाकतात, जाडजूड झालेलीही टाकतात. ही दुसरी निवड बघणाऱ्याला खटकते. चांगली धष्टपुष्ट रोपं का टाकता, असं आम्ही विचारलं.

"ते म्हातारं झालं न बाप्पा. लावलं तं कांदा नाई देत, डेंगळा देते." डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा.

[दृश्य: विळ्याने पातीची टोकं छाटली जातात. बायका ओळीने बसलेल्या. अंगठा मातीत.]

पातीचा वरचा तिसरा हिस्सा छाटला, की लावणी. दोन ओळींत पंधरा सेंटीमीटर, दोन रोपांत दहा. इथे पट्टी कुणी वापरत नाही. मूठ टेकवायची, पुढचं रोप. अंगठ्याने मूळ दाबायचं, पण मान पुरायची नाही. रोप खोल गेलं तर कांदा गोल न होता लांबुडका होतो. काळी माती ओली असताना बोटांना चिकटते आणि वाळली की भेगाळते, म्हणून पाणी थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा. दुपारपर्यंत चौघींनी मिळून अर्धं वावर उरकलं. बोलणं एकीकडे, हात दुसरीकडे.

डिसेंबरचा मधला आठवडा ते जानेवारीचा पहिला, एवढीच ही खिडकी. बियाण्याच्या एका पुडीवर आम्ही वाचलं, 'रब्बी: ऑक्टोबर-नोव्हेंबर'. बी टाकायचं की रोप लावायचं, ते छापलेलंच नाही. एवढ्या एका शब्दाने दीड-दोन महिन्यांचा फरक पडतो.

[दृश्य: फेब्रुवारी. तेच वावर. विहिरीजवळचे दोन वाफे, फुलांच्या गोंड्यांसह. शेजारी डिसेंबरातली लावणी, नुसती हिरवी पात.]

विहिरीजवळचे हे दोन वाफे ऑक्टोबरच्या शेवटी लावले होते, शेजारच्या गावातून आणलेल्या रोपांचे. पलीकडचे डिसेंबरातले. माती एक, पाणी एक, थंडीही एकच.

कांद्याचं रोप कोवळं असतं तोवर थंडी पडली तरी मनावर घेत नाही. मात्र ठरावीक जाडी झाली आणि नंतर दहा-पंधरा अंशांची थंडी काही आठवडे राहिली, की ते समजतं हिवाळा काढला, आता बी धरायचं. मग मधून पोकळ दांडा वर येतो. ऑक्टोबरातली रोपं थंडी येईपर्यंत जाड झाली होती. डिसेंबरातली अजून लहान होती. ती फेब्रुवारीत दिवस मोठा होऊन ऊब वाढली, तेव्हा कांदा भरायला लागली. आणि जानेवारी उलटल्यावर लावली असती, तर मार्चच्या उन्हाने कांदा गोटीएवढाच राहिला असता.

[दृश्य: काकू दांडे मोडतात. इथे निवेदन नाही.]

डेंगळा आलेला कांदा साठवणीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो.

[दृश्य: धरमपेठेतली एक गच्ची. पिंपात लावलेले बारके कांदे.]

शहरातही एकाने कांदे लावलेत. हे सांबारात घालतात ते बारके कांदे, तमिळनाडूकडून येणारे. नागपुरात भाजीवाल्याकडे 'सांबारचे कांदे' मागितले, तर कोथिंबिरीच्या जुडीसोबत पातीचा कांदा हातात पडेल, कारण इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. या बारक्या कांद्याचं रोप करावं लागत नाही, कांदाच लावायचा, शेंडा मातीच्या वर ठेवून. एकाचे चार-सहा होतात, अडीच महिन्यांच्या आसपास. परतीचा पाऊस संपल्यावर लावला, म्हणजे पिंपात पाणी साचून सडत नाही. युरोपात याच्या भाऊबंदांसाठी एक जुना ठोकताळा आहे: सर्वांत लहान दिवशी लावा, सर्वांत मोठ्या दिवशी काढा. आपल्याकडे एकवीस जूनपर्यंत वावरात कांदा ठेवला, तर पावसातच काढावा लागेल.

[दृश्य: एप्रिल. माना पडलेला कांदा. ऊन.]

निम्म्या माना पडल्यावर पाणी बंद केलं होतं. आता काढणी. पात न कापता कांदे वावरातच पसरतात, पुढच्या ओळीच्या पातीने मागच्या ओळीचे कांदे झाकायचे, ऊन थेट लागू द्यायचं नाही. तीन-चार दिवसांनी सावलीत. थोडा माल नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात जाईल, बाकीचा घरी, हवेशीर जागी.

विहिरीजवळचे दोन वाफे केव्हाच मोकळे झालेत. काकूंनी तिथे भेंडी टाकली आहे.