पाठीवरचा जांभळा रंग

मंडळी, रामकुंडावर अस्थी घेऊन आलेली माणसं आपण नाशिककर रोज बघतो. मरण या गावाला नवं नाही. पण अस्थींच्या आधी, मरणानंतरच्या पहिल्या काही तासांत देहाचं काय होतं, हे आपल्या घरांत कुणी बोलत नाही. न्यायवैद्यकात, म्हणजे शवविच्छेदनाच्या कामात माझी सगळी नोकरी गेली, आणि या न बोलण्यापायी भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या मी पाहिल्या. म्हणून आज एक केस जरा सविस्तर सांगतो.

डिसेंबरचे दिवस. निफाडकडची एक मळ्यातली वस्ती. सत्तरीच्या आजी सकाळी 6 वाजता उठल्या नाहीत. लेक सासरहून धावत आली. नऊच्या सुमारास आंघोळ घालताना तिनं आईला कुशीवर केलं, तर पाठ जांभळी-काळी. तिनं तिथंच हंबरडा फोडला, "हिनं मारलंय माझ्या आईला!" बोट भावजयीकडं. मग पोलीस आले, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, आणि दुपारी 1 वाजता आजी माझ्या टेबलावर आल्या.

हृदय थांबलं की रक्ताला ढकलणारं कुणी उरत नाही. मग ते पाण्यासारखं उताराला लागतं. माणूस उताणा गेला असेल तर पाठीकडं उतरतं. पहिल्या एक ते तीन तासांत डाग दिसू लागतात, हळूहळू एकमेकांत मिसळतात. सुरुवातीला अंगठ्यानं दाबलं तर रंग जातो. साधारण 6 ते 12 तासांत तो पक्का बसतो. मात्र जिथं अंग टेकलेलं असतं, तिथं रक्ताला शिरायला जागाच नसते. आजींचे खांदे, टाचा पांढऱ्याफटक होत्या आणि पाठीवर बाजेच्या नवारीच्या पट्ट्या पांढऱ्या उठल्या होत्या, अगदी मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. मारणाऱ्याचा हात नवारीच्या पट्ट्या सोडून मारत नाही हो.

तरी नुसत्या डोळ्यांवर मी विसंबलो नाही. जांभळ्या जागी चीर दिली. मुका मार असेल तर रक्त नसांबाहेर येऊन मांसात साकळतं, कितीही पाणी ओता, जात नाही. इथं रक्त नुसतं पाझरलं. पाणी सोडलं, मांस स्वच्छ. आजी हृदयविकारानं गेल्या होत्या, रक्तवाहिनीत गुठळी सापडली.

असे गैरसमज कितीतरी. कुजू लागलेलं प्रेत घ्या. आतड्यातले जंतू आपलं काम चालू ठेवतात. पहिला हिरवट डाग बहुधा पोटाच्या उजव्या बाजूला, खाली दिसतो, कारण मोठ्या आतड्याची सुरुवात तिथं त्वचेच्या जवळ असते. उन्हाळ्यात हे दिवसभरात होतं, थंडीत दोन दिवसही लागतात. पुढं वायू भरतो, चेहरा फुगतो, डोळे बाहेर येतात, जीभ दातांत अडकते, नाकातोंडातून तांबूस पाणी येतं. नातेवाईक म्हणतात, गळा दाबला. गळा दाबलेला असू शकतो, पण ते गळ्याच्या आतल्या खुणा सांगतील, फुगलेला चेहरा नाही. मुंग्यांनी कुरतडलेली कातडी लोकांना ॲसिडनं भाजल्यासारखी वाटते. आणि मेल्यावर नखं वाढत नाहीत. कातडी सुकून मागं सरते, म्हणून ती लांब दिसतात.

परत आजींकडं येतो. अहवाल समजावला तेव्हा लेक बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "डॉक्टर, मग ती थंडीत एकटी किती वेळ पडून होती?" मला तेव्हा कळलं, पाठीचा रंग हे निमित्त होतं. तिला सलत होतं ते हे.

याचं उत्तर आम्ही ताठरपणावरून, अंगाच्या गारव्यावरून काढतो. स्नायूला आखडायला शक्ती लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण आखडलेला स्नायू सोडायलाही शक्ती लागते. मरणानंतर तो साठा संपतो आणि स्नायू आहे तिथं धरून बसतो. आधी पापण्या, जबडा, मग मान, हात, शेवटी पाय. साधारण 12 तासांत सगळं अंग लाकूड होतं, पुढं कुजणं सुरू झालं की त्याच क्रमानं सैल पडतं. मे महिन्यात हे लवकर येतं आणि लवकर जातं, निफाडच्या थंडीत रेंगाळतं. अंगावर गोधडी होती का, खिडकी उघडी होती का, माणूस हाडकुळा की जाड, यावर सगळं बदलतं. सिनेमातला डॉक्टर अमुक वाजून अमुक मिनिटं म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी तिला म्हटलं, "मध्यरात्र ते पहाट. याहून जवळ मला जाता येत नाही."

भावजय तोवर दाराशी उभी होती, सकाळपासून तिच्याशी कुणी बोललेलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "दीडला लाईट आली. मी मोटार चालू करायला उठले, तेव्हा आईंनी पाणी मागितलं."

लेकीनं पहिल्यांदा तिच्याकडं मान वळवली. "प्यायली का?"

"अर्धा तांब्या प्यायल्या. गोधडी नीट करून दिली मी."

मी हवालदारांना सांगून तो दीडचा आकडा जबाबात लिहून घेतला.