टीबीवरचा रिसर्च, किराण्याच्या पिशवीत

नमस्कार मंडळी. जेवणं झाली का? नसतील तर ताट वाढून घ्या आणि बसा, कारण आज बोलायचंय ते तांदूळ-डाळीबद्दलच, म्हणजे विषय टीबीचा आहे पण गेल्या काही वर्षांत आपल्या देशात टीबीवर जो रिसर्च झाला त्यातला मला सगळ्यात जास्त पटलेला रिसर्च औषधाचा नाहीच, किराण्याचा आहे.

नागपुरात टीबी काही नवा नाही. ऑटोवाल्याला नुसतं टीबी वॉर्ड म्हटलं की तो पुढचं काही विचारतच नाही. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, तिकडून छिंदवाडा, बालाघाट, सगळीकडचे पेशंट मेडिकल नाहीतर मेयो या नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत येतात, आणि पेशंटसोबत जो आलेला असतो ना, भाऊ, बायको, म्हातारा बाप, त्याच्याकडे नीट पाहा, बहुतेक वेळा तोही तेवढाच हडकुळा दिसतो. डॉक्टर पेशंटला तपासतात, याला कोण विचारतं? आजची गोष्ट या सोबतच्या माणसाची आहे.

झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत ऑगस्ट २०१९ मध्ये एक ट्रायल सुरू झाली, तिचं नाव रेशन्स. करणारे मंगळुरूच्या येनेपोया मेडिकल कॉलेजचे डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव, आयसीएमआरचं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं पाठबळ, सोबत चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था. मोठ्या चकाचक हॉस्पिटलात वेगळी सोय करून केलेलं काम नाही हे, सरकारच्या टीबी कार्यक्रमाचीच २८ युनिट घेतली, तेच सरकारी दवाखाने, तेच पेशंट, त्याच गोळ्या. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे, कारण एसी वॉर्डात जमलेली गोष्ट आपल्या पीएचसीत, म्हणजे गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, जमेलच असं कोणी सांगू शकत नाही, पण पीएचसीच्या पातळीवर जमलेली गोष्ट कुठेही जमते.

प्रश्न साधा होता. घरात एकाला टीबी झाला, तर बाकीच्यांना पोटभर आणि बरं खायला दिलं तर त्यांचा टीबी टळतो का? टीबीचा जंतू आपल्याकडे कित्येकांच्या अंगात असतो आणि तो आयुष्यभर गप्पही पडून राहतो, लागण झालेल्या शंभरातल्या पाच ते दहाच जणांना पुढे आजार होतो. मग या पाच-दहात नंबर कोणाचा लागणार? ज्याची ताकद कमी पडली त्याचा. शुगर असेल, एचआयव्ही असेल, दारू-सिगारेट असेल, पण आपल्या देशात सगळ्यात मोठं कारण उपाशी शरीर.

तर २८ युनिटची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. पेशंटला मात्र दोन्हीकडे दर महिन्याला १० किलोचा शिधा, तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, वरून व्हिटॅमिनच्या गोळ्या, साध्या टीबीला सहा महिने आणि एमडीआरवाल्याला, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी असलेल्याला, वर्षभर. आजाऱ्याला मुद्दाम उपाशी ठेवून फरक बघायचा हे माणुसकीत बसत नाही म्हणून तिथे वाटणीच केली नाही. फरक केला तो घरच्यांमध्ये. निम्म्या युनिटमध्ये घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि व्हिटॅमिन, बाकीच्या युनिटमध्ये घरच्यांना वेगळं काही नाही. पेशंट २,८००, घरचे १०,३४५, आणि मधेच कोरोना. विचार करा, लॉकडाऊनमध्ये गावोगावी घरापर्यंत पोती पोहोचवायची आणि वर प्रत्येकाची तपासणीही चालू ठेवायची. पेपर लिहिणाऱ्यांचं कौतुक होतंच, ते पोतं उतरवणाऱ्याचं नाव कुठे येत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नावाजलेल्या मासिकात रिझल्ट आला. धान्य न मिळालेल्या ४,७२४ घरच्यांपैकी १२२ जणांना टीबी झाला, धान्य मिळालेल्या ५,६२१ पैकी ९६ जणांना, म्हणजे हजारामागे साधारण २६ आणि १७, आणि सगळा हिशोब नीट जुळवून पाहिला तर टीबी ३९ टक्क्यांनी कमी. थुंकीत वगैरे जंतू सापडतो तो पसरणारा फुफ्फुसाचा टीबी धरला तर ४८ टक्के. साधारण ३० घरांना धान्य दिलं की एक टीबी टळतो असा त्यांचा हिशोब आहे. तांदूळ, डाळ आणि व्हिटॅमिन, आणखी काही नाही. हे जर एखाद्या कंपनीच्या गोळीने केलं असतं ना तर रोज रात्री टीव्हीवर तिची जाहिरात लागली असती.

याच्या मागे एक जुनी गोष्ट आहे. १९५६ ला मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला, टीबीच्या पेशंटला सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास दवाखान्यात ठेवलं काय आणि घरी ठेवून औषध दिलं काय, फरक पडतो का म्हणून. फरक फारसा पडला नाही. घरी राहिलेल्यांचं खाणं सॅनेटोरियमपेक्षा बरंच हलकं होतं तरी ते औषधाने बरे झाले. हा अभ्यास खरंच मोठा, त्याच्यामुळे जगभर टीबीचे उपचार घरी व्हायला लागले, गरिबाची महिनोन्‌महिने दवाखान्यात अडकून पडण्यातून सुटका झाली. पण त्याच्यासोबत एक समज असाही पसरला की औषध मिळालं की झालं, खाण्याचं एवढं काही नाही. आणि ज्या मद्रासच्या केंद्रात हे झालं त्याचीच पुढे झाली ती चेन्नईची संस्था, जी रेशन्समध्येही आहे. साठेक वर्षांनी त्याच घरातून दुसरी अर्धी गोष्ट बाहेर आली.

आता पेशंटचं. या २,८०० पैकी पाचातल्या चार जणांचं वजन उंचीच्या मानाने कमी होतं आणि जवळपास निम्मे तर इतके खंगलेले की डॉक्टर त्याला गंभीर कुपोषण म्हणतात. ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं त्यांचा मरण्याचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे किती, २ किलो फक्त. इथे मात्र जरा थांबून ऐका, कारण व्हॉट्सअॅपवर हे लगेच "डाळभात खा टीबी पळवा" होऊन फिरतं. पेशंटमध्ये धान्य सगळ्यांनाच दिलं होतं, तुलना करायला दुसरा गट नव्हता, त्यामुळे वजन वाढलं म्हणून माणूस वाचला की वाचणारच होता म्हणून वजन वाढलं हे या आकड्यावरून छातीठोक सांगता येत नाही. घरच्यांचा ३९ टक्क्यांचा आकडा पक्का, हा त्याच्यापेक्षा थोडा कच्चा. आणि गोळ्या सोडायच्या नाहीत हो, सगळे गोळ्या घेतच होते. शिवाय आपल्या शहरात ज्यांना शुगर आहे, पोट सुटलंय आणि वर टीबी झालाय त्यांनी पोतंभर तांदूळ खायला सुरुवात करायची नाही, त्यांचं गणित वेगळं, ते डॉक्टरांना विचारा. पण मेळघाट, गडचिरोली, आपल्याकडच्या कितीतरी वस्त्या, तिथलं चित्र झारखंडसारखंच आहे.

सरकारने काय केलं? निक्षय पोषण योजनेत टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले, चांगलंच आहे. पण मला यात एक खटकतं. ट्रायल पैशाची झालीच नव्हती, धान्याची झाली. दर महिन्याला घरात येणारं धान्य शिजतंच, खात्यात आलेल्या हजार रुपयाला दहा वाटा असतात, लाइट बिल, पोराची फी, सावकार, आणि तेही खातं आधारला जोडलेलं असेल, पैसे वेळेवर पडले असतील तर. तो हजार रुपया पेशंटचा, घरच्यांचं काय? निक्षय मित्र म्हणून लोक पेशंटला फूड बास्केट देतात, २०२२ पासून चालू आहे, त्यात आता घरच्यांचाही विचार व्हायला लागलाय. पण कोणी मित्र भेटला तर मिळणार आणि नाही भेटला तर नाही, याला मी तरी व्यवस्था म्हणणार नाही. रेशन दुकान गल्लीत आहेच की, टीबीच्या घराला तिथेच जास्तीची डाळ द्यायला काय हरकत आहे?

तमिळनाडूने २०२२ मध्ये आणखी एक काम केलं तेही सांगतो. टीबी निघाला की लगेच नर्सने चार-पाच गोष्टी बघायच्या, वजन आणि उंची, पायावर सूज, श्वासाची गती, बोटाला लावून ऑक्सिजन, आणि माणूस आधाराशिवाय उभा राहतो का. लॅब नको, मोठं मशीन नको. यात कमी पडला की मोठ्या दवाखान्यात पाठवून नीट तपासायचं आणि गंभीर असेल तर भरती करायचं, कारण टीबीचे बरेचसे मृत्यू उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होतात. हे आपल्या कुठल्याही पीएचसीत उद्यापासून होऊ शकतं, वजनकाटा आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र चालू असलं म्हणजे झालं.

तर घरात कोणाला टीबी असेल तर त्याचं वजन पहिल्या दिवशी करून कार्डावर लिहून घ्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा करा, वाढलं नसेल तर तिथेच डॉक्टरांना दाखवा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तूर डाळ, फुटाणे, शेंगदाणे, अंडी, जे परवडेल ते त्याच्या ताटात जास्त वाढा आणि सोबत घरातल्या लेकरांच्या आणि म्हाताऱ्यांच्याही. बायकांना खास सांगतो, तुम्ही सगळ्यांना वाढून शेवटी उरलेलं खाता, पेशंटची सेवाही तुम्हीच करता, तेव्हा वजनकाट्यावर तुम्ही पण चढा. घरच्यांसाठी टीबी होऊ नये म्हणूनच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मागून घ्या. आणि काही अडलं तर निक्षय संपर्कचा टोल फ्री नंबर आहे, लिहून घ्या, १८००-११-६६६६. परत सांगतो, १८००-११-६६६६.