तोल, बोल आणि आठवण

तीन आवरणांत गुंडाळलेला आणि मस्तिष्क-मेरुद्रवात तरंगणारा मानवी मेंदू वजनाने साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम असतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम २ टक्के आहे. परंतु विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटाच खर्च करतो.

बाहेरून पाहता प्रथम दिसतो तो प्रमस्तिष्क, म्हणजे मोठा मेंदू. त्याच्या बाह्यकाचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, जवळजवळ दोन-तृतीयांश पृष्ठभाग वळ्यांच्या आत दडलेला असल्यामुळेच तो एवढ्याशा कवटीत मावतो. खालचा मस्तिष्कस्तंभ श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळतो. त्याच्यामागे असलेल्या अनुमस्तिष्काला आपण लहान मेंदू म्हणतो खरे, पण हे नाव फसवे आहे: मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज याच भागात आहेत. शरीराचा तोल आणि हालचालींतील अचूकता त्याच्यावर अवलंबून असते.

रचना डोळ्यांना दिसते, कार्य मात्र दिसत नाही. ते बहुधा एखादा भाग निकामी झाल्यावरच कळत गेले. १८६१ मध्ये पॅरिस येथे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे असा एक रुग्ण आला, ज्याला बोललेले बरेचसे समजत असे, पण स्वतः मात्र ‘तां’ या एका अक्षरापलीकडे फारसे बोलता येत नसे. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला असता डाव्या ललाटखंडात, म्हणजे कपाळामागच्या भागात, इजा आढळली, आणि भाषेच्या उच्चाराशी निगडित असलेला तो भाग पुढे ब्रोका यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

स्मृतीचा उलगडा याहून उशिरा झाला. हेन्री मोलेसन या रुग्णाला अपस्माराचे (फेफऱ्याचे) तीव्र झटके येत असत. ते थांबावेत म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांच्या दोन्ही शंखखंडांच्या (कानशिलांमागच्या भागांच्या) आतील बाजूचा, तिथल्याच हिपोकॅम्पस या भागाच्या मोठ्या हिश्श्यासह, काही भाग काढण्यात आला. झटके बरेच कमी झाले, बालपण आठवत राहिले, बुद्धीही शाबूत राहिली. परंतु त्यानंतर घडलेली कोणतीही नवी गोष्ट त्यांच्या लक्षात टिकेना.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी मोलेसन यांना आरशात पाहून, दुहेरी रेषेने काढलेल्या चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला सांगितले. आरशामुळे डावे-उजवे आणि वर-खाली यांचा गोंधळ होतो, त्यामुळे हे काम कोणालाही सुरुवातीला जड जाते. मोलेसन यांच्या चुका दिवसेंदिवस कमी होत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांची रेषा सफाईदार आली; हा सराव आपण आधीही केला आहे, याची त्यांना मात्र काहीच आठवण नव्हती.