दोन कप चहाची चूल

(गिर्यारोहकांच्या एका मेळाव्यातल्या प्रात्यक्षिक-व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, टेबलावर काय मांडलंय ते आधी बघून घ्या. बूट पॉलिशची रिकामी डबी, जाळीची एक पट्टी, वाऱ्याला आडोसा म्हणून वळवलेला अॅल्युमिनियमचा पत्रा, इंधनाच्या स्पिरिटची पन्नास-साठ मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली आणि झाकणाचं अर्ध्या लिटरचं पातेलं. एवढ्यात दोन माणसांचा चहा होतो. गेली कित्येक वर्षं मी याच चुलीवर चहा करतोय आणि त्या काळात चहासाठी गडावरची एकही फांदी तोडलेली नाही. आज मला हेच सांगायचंय. चहाला स्वयंपाकाएवढी चूल लागत नाही, आणि तरी आपण दर वेळी स्वयंपाकाएवढी चूल पेटवतो.

हिशेबच करूया. दोन कप म्हणजे 400 मिलिलिटर पाणी. सकाळचं टाक्यातलं पाणी 20 अंशांचं धरा. ते 95 अंशांपर्यंत न्यायचं, कारण कळसूबाईच्या माथ्यावर, 1,646 मीटरवर, पाणी त्याच्या आसपास उकळायलाच लागतं. याला साधारण 125 किलोज्यूल उष्णता लागते. एक मिलिलिटर चांगलं स्पिरिट जळलं की 20 किलोज्यूल मिळतात. म्हणजे कागदावर सहा-सात मिलिलिटर, चहाचे दीड चमचे, पुरायला हवं. प्रत्यक्षात मला 15 लागतं, कारण निम्म्याहून जास्त उष्णता बाजूने निघून जाते. आडोसा काढून टाका, वाऱ्यावर ठेवा, की तीसनेही पाणी नुसतं कोमट होऊन बसतं. तीन दगडांच्या उघड्या चुलीचं याहून वाईट आहे. लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम सातवा-दहावा भाग पातेल्याला लागतो. बाकीची वाऱ्याला, दगडांना आणि आपल्या डोळ्यांतल्या पाण्याला.

म्हणून चूल करायला बसाल तेव्हा निम्मं लक्ष आडोशाकडे द्या.

आता डबी. बूट पॉलिश संपलं की डबी गरम पाण्याने आणि साबणाने दोनतीनदा घासा. पॉलिशमध्ये मेण असतं, तेलकट द्रव असतो. त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत घासत राहा. आतला भाग कापसाने भरा, पण चेपून नको, हलक्या हाताने. वर चहाच्या जुन्या स्टीलच्या गाळणीची जाळी गोल कापून काठाखाली दाबून बसवा. कापूस स्पिरिट धरून ठेवतो, त्यामुळे डबी पायाने उडाली तरी जळतं स्पिरिट जमिनीवर पसरत नाही. कापूस ओला आहे तोवर तो स्वतः जळत नाही, वरची वाफच जळते. शेवटी थोडा करपतो. आठदहा चहांनंतर बदलायचा. आणि डबीला मूळचं झाकण आहे, ते जपून ठेवा. विझवायला त्याच्यापेक्षा चांगलं काही नाही. चिमट्याने धरायचं, वरून सोडायचं, संपलं. स्पिरिट उरलं असेल तर डबी थंड होईपर्यंत झाकण काढायचं नाही.

पातेलं टेकवायला स्टीलच्या जाळीची पट्टी. माझी डबी सात सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर उंच आहे. तिच्याभोवती सैल कडं होईल अशी 30 सेंटिमीटर लांब, साडेपाच सेंटिमीटर उंच पट्टी कापली आणि टोकं तारेने बांधली. हार्डवेअरच्या दुकानात जाळी घेताना जस्ताचा मुलामा असलेली घेऊ नका. तापल्यावर जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत जाणं चांगलं नाही.

साडेपाचच का? डबीच्या तोंडापासून पातेल्याच्या बुडापर्यंत साडेतीन सेंटिमीटर अंतर राहावं म्हणून. हे अंतर मी गच्चीवर बसून, पट्ट्या कापून कापून ठरवलंय. पातेलं फार खाली आलं की ज्योतीला हवा मिळत नाही, कच्च्या स्पिरिटचा डोळे झोंबवणारा वास येतो. फार वर गेलं की ज्योत पातेल्याला पोचण्याआधीच गार होते. तुमची डबी वेगळी असेल, तुमचं पातेलं वेगळं असेल. एक मिलिमीटरचा आग्रह नाही, पण एक रविवार गच्चीवर घालवा. गडावर पोचून हे प्रयोग करायचे नसतात.

आडोशाला बेकरीचा अॅल्युमिनियमचा ट्रे उलगडून चालतो. पातेल्याभोवती बोटभर फट ठेवून गुंडाळायचा, उंची पातेल्याच्या निम्म्याहून थोडी वर. खाली वाऱ्याच्या उलट बाजूला सातआठ भोकं. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे गॅसच्या डबीवर बसणारा छोटा बर्नर आहे त्यांनी हा आडोसा त्याच्याभोवती कधीही गुंडाळू नका. गॅसची डबी तापते आणि फुटू शकते. स्पिरिटच्या उघड्या डबीत दाब साठत नाही, म्हणून तिथे चालतं.

इंधनाबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे. आपल्या आज्या पंपाचा स्टोव्ह पेटवायच्या तेव्हा काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नर तापवायच्या, ते स्पिरिट घराघरांत होतं. आज ते लाकडाला पॉलिश करणाऱ्यांसाठी हार्डवेअरच्या आणि रंगाच्या दुकानात मिळतं, डिनेचर्ड स्पिरिट म्हणून. ते विष आहे. त्यात मिथेनॉल असू शकतं, आणि मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. ते पाण्याच्या बाटलीत भरू नका. कधीच नाही. टोकदार तोंडाची छोटी बाटली घ्या, तिच्यावर लाल चिकटपट्टी लावा, सॅकमध्ये बाहेरच्या कप्प्यात, खाण्यापासून लांब ठेवा. रेल्वेने जाणार असाल तर स्पिरिट नेऊ नका, ज्वलनशील वस्तू गाडीत नेणं हा गुन्हा आहे. उतरल्यावर गावातून घ्या. सॅनिटायझर चालतं का, असं हमखास विचारतात. त्यात बरंच पाणी असतं, पेटतं पण ताकद नसते. त्यातलं अल्कोहोल आयसोप्रोपिल जातीचं असेल तर पातेल्याला काजळी धरते. कापूर काडीसारखा पेटवायला ठीक, चहाला नाही, पातेलं काळंकुट्ट होतं. पेट्रोलचं नावही काढू नका.

आणि एक प्रसंग, जो मी प्रत्येक वेळी सांगतो. दुपारची वेळ, उघडा कातळ, आमच्यातल्या एकाला वाटलं चूल विझली. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसतच नाही. त्याने मोठ्या बाटलीतून सरळ वरून ओतलं. ज्योत धारेवरून वर चढली, बाटलीच्या तोंडाशी भपका झाला आणि हात मनगटापर्यंत भाजला. नशिबाने टाकं जवळ होतं, हात बराच वेळ पाण्यात ठेवला, तरी उतरताना त्याला दोर धरता येत नव्हता. तेव्हापासून आमचा नियम: मोजून एकदाच ओतायचं, बाटलीचं झाकण लावून ती पाच पावलं लांब ठेवायची, मगच काडी. संपलंसं वाटलं तर वरून वाळलेली गवताची काडी फिरवायची. ती पेटली नाही, डबी हाताला गार लागली, तरच पुन्हा ओतायचं. आणि तंबूत कधीच नाही.

काटक्यांवर चालणारी चूल हवी असेल तर एकात एक बसणारे दोन डबे घ्या. आतल्या डब्याला बुडाशी भोकं आणि काठाखाली एक ओळ भोकांची. काटक्या भरून वरून पेटवायचं, खालून नाही. दोन डब्यांमधून हवा तापत वर येते आणि लाकडातून निघणारा धूर वरच्या भोकांपाशी जळतो. नीट जमलं की त्या ओळीतून गॅसच्या शेगडीसारख्या जिभा फुटतात आणि धूर थांबतो. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने घरगुती शेगडीसाठी याच तत्त्वावर काम केलं आहे. पण मी ही चूल गावाच्या अंगणात वापरतो, गडावर नाही. तिला गडावरचंच सरपण लागतं, आणि ठिणग्या उडतात.

हरिश्चंद्रगड आणि कळसूबाईचा परिसर अभयारण्य आहे. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय कसलीच आग पेटवायची नाही, माझी डबीसुद्धा. बाकी ठिकाणीही फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत गवत कडकडीत असतं. डबी नुसत्या कातळावर ठेवायची, हातभर परिघात एक काडी नको. लेण्यांत, मंदिरांत, टाक्यांच्या कपारीत चूल नको. छताला चढलेली काजळी कुणी घासायला गेलं तर दगडाचंही नुकसान होतं.

चहाचा क्रम असा. पाणी झाकण ठेवूनच तापवा. झाकण वाजायला लागलं की चहा पावडर, ठेचलेलं आलं, असेल तर गवती चहाची पात. चूल विझवा, चार मिनिटं झाकून ठेवा. दुधाची पावडर आणि साखर कपातच घाला. पातेल्यात दूध घातलंत तर ते उतू जाऊन डबीवर पडतं आणि चूल नासते. गुळाचा हवा असेल तर गूळ सगळ्यात शेवटी, नाहीतर दूध फाटतं. कुळथाचं कढण या डबीवर होत नाही. त्याला मंद आच हवी, ती इथे मिळत नाही. घरूनच थर्मासमध्ये आणा.

हिवाळ्यात एक अडचण येईल. आठदहा अंशांच्या पहाटे स्पिरिट लवकर पेट घेत नाही, काडीमागून काडी विझते. त्याची वाफच होत नसते. बाटलीचं झाकण घट्ट आहे ना बघा आणि चहाआधी अर्धा तास ती जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. मग पहिल्या काडीला पेटेल.