घरात सगळे हळू का बोलतात?

(अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. मसाला दूध आटेपर्यंतचा वेळ मला दिलेला आहे, तेव्हा थेट विषयालाच हात घालते.

मागच्या रविवारी मराठी शाळेत क्रियाविशेषणं चालली होती. हळू, भरभर, सावकाश, जोरात. बाईंनी मुलांना वाक्यं करायला सांगितली. कुणी म्हणालं कासव हळू चालतं, कुणी म्हणालं आजी सावकाश जेवते. आठ वर्षांच्या एका मुलाने वाक्य केलं, "आमच्या घरी आता सगळे हळू बोलतात." व्याकरण बिनचूक. बाईंनी शाबासकी दिली आणि सहज विचारलं, का रे? तो म्हणाला, "बाबाची नोकरी गेली. पण मला ते माहीत नाहीये."

त्याच्या आईवडिलांना विचारून, त्यांच्या परवानगीनेच हे इथे सांगते आहे. "मला ते माहीत नाहीये." आठ वर्षांच्या मुलाने घरातली बातमी ओळखली, ती आपल्याला कळू द्यायची नाही हेही ओळखलं, आणि स्वतःचा आवाज कमी केला.

तो दिवस कसा येतो, हे या सभागृहातल्या अनेकांना ठाऊक आहे. कामात खोट नाही, वर्षाचा शेरा उत्तम. सकाळी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची एक मीटिंग उगवते. तिच्यात साहेबाच्या शेजारी एक अनोळखी चेहरा असतो. मीटिंग संपेपर्यंत लॅपटॉप बंद पडलेला असतो. यात न्याय काही नाही. शिवाय एच-वन-बीवरच्या, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावरच्या, माणसाचा त्या पंधरा मिनिटांत नुसता पगार जात नाही, या देशातल्या मुक्कामाचं घड्याळही सुरू होतं.

अशा वेळी आपण एकमेकांना सांगतो, शांत राहा. पण कसं राहायचं ते सांगत नाही. माझं म्हणणं असं की, त्या दिवशीची शांतता स्वभावातून कमी आणि तारखांतून जास्त येते. कशाला किती दिवस आहेत हे कळलं की आज काय करायचं आणि काय करायचं नाही हे दिसायला लागतं, आणि हात थरथरायचे थांबतात.

त्या पंधरा मिनिटांत तीनच गोष्टी बोलायच्या. मी ऐकलं. सगळे कागद माझ्या खासगी ईमेलवर पाठवा. माझा शेवटचा पगारी दिवस कोणता, ते लिहून द्या. बास. भांडण नको, आभार नकोत, होकार नको आणि सही तर नकोच. मग उठायचं. छातीत धडधड होते, हात गार पडतात, समोरचं वाचलेलं डोक्यात शिरत नाही. हे अॅड्रेनलिनचं काम आहे, ते ओसरायला थोडा वेळ लागतो. चार अंक मोजत श्वास आत, सहा-सात अंक मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. बाहेर सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती खाली येते. मग वीस मिनिटं चाला. गाडी लगेच चालवू नका. जेवणाच्या वेळी जेवा, वरणभात का होईना. निदान त्या रात्री लिंक्डइनवर काही लिहू नका आणि एकच बायोडेटा शंभर ठिकाणी पाठवू नका.

आता दिवसांचा हिशेब. नोकरी सुटल्यावर एच-वन-बीवरच्या माणसाला सलग ६० दिवसांपर्यंत राहता येतं, पण आय-९४, म्हणजे मुक्कामाची परवानगी कधीपर्यंत ते सांगणारी नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. हा नियम जानेवारी २०१७ पासूनचा आहे. मोजणी साधारणपणे शेवटच्या पगारी दिवसानंतर सुरू होते. सेव्हरन्सचे, म्हणजे काढताना कंपनी देते ते, पैसे तीन महिने येत राहिले तरी मुदत तीन महिन्यांनी सरकत नाही. सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. काही कंपन्या काम काढून घेतात पण नोटिशीच्या काळात पगारपत्रकावर ठेवतात. तिथे मोजणी कधीपासून धरायची, ते वकिलाकडून लेखी घ्या.

शनिवार, रविवार, सणाच्या सुट्ट्या सगळं या ६० दिवसांत धरलं जातं. उदाहरण याच ऋतूतलं घेऊ. ३ नोव्हेंबर शेवटचा पगारी दिवस असेल, तर साठावा दिवस २ जानेवारी. मध्ये थँक्सगिव्हिंग आहे, नाताळ आहे, आणि मुलाखत घेणारी माणसं त्या आठवड्यांत जागेवर नसतात. शिवाय नवी नोकरी साठाव्या दिवशी मिळून भागत नाही, नव्या कंपनीचा अर्ज तोवर इमिग्रेशन खात्यात पोचलेला असावा लागतो. त्या अर्जाआधी कामगार खात्याचं एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींना मान्यता, लागतं, त्याला कामाचे सात दिवस जातात. वकिलाचे कागद गोळा व्हायला आणखी काही दिवस. कंपनी नवी किंवा लहान असेल तर तिच्या कर क्रमांकाची पडताळणी निघते आणि पुन्हा दिवस मोडतात. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर साठाव्या दिवसाऐवजी चाळिसाव्या दिवसाला गोल करा. आपल्या उदाहरणात तो १३ डिसेंबर. ऑफर त्या सुमारास हातात हवी. व्हिसाच्या लॉटरीत पुन्हा उतरावं लागत नाही, आणि अर्ज दाखल झाला की निकालाची वाट न पाहता काम सुरू करता येतं.

गोल केलेली तारीख जवळ आली आणि ऑफर नसेल तर दुसरी वाट आधीच तयार ठेवायची. जोडीदाराचा स्वतःचा एच-वन-बी असेल तर एच-फोरकडे, म्हणजे जोडीदारावर अवलंबून असलेल्या व्हिसाकडे, नाहीतर बी-टूकडे, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसाकडे; त्या बदलाचा आय-५३९ अर्ज साठाव्या दिवसाच्या आत. अर्ज पडून असेपर्यंत राहता येतं, काम करता येत नाही. पण बी-टूचा अर्ज प्रलंबित असताना ६० दिवसांनंतर नोकरी मिळाली, तर पुन्हा एच-वन-बीवर येणं गुंतागुंतीचं होतं. आणि जोडीदार तुमच्यामुळे एच-फोरवर असेल, तर दोघांचं घड्याळ एकच. तिची किंवा त्याची ईएडी, म्हणजे काम करण्याची परवानगी, त्याच धाग्याला बांधलेली आहे, हे घरात पहिल्याच दिवशी बोला.

"चला, घरी जाऊन येऊ, तिथून पाहू," हा विचार पहिल्या आठवड्यात फार ओढतो. आईच्या हातचं खावं, दार लावून झोपावं. ती ओढ मला कळते. पण देशाबाहेर पाऊल पडलं की उरलेली मुदत संपते, आणि बाहेर असलेल्या, वैध एच-वन-बी व्हिसा नसलेल्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जावर सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने एका वर्षासाठी एक लाख डॉलरची रक्कम लावली. तिकीट काढण्याआधी वकिलाशी एक तास बोला.

ज्यांचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन १८० दिवस झालेत, त्यांनी एक भीती खाली ठेवावी. कंपनीने तो मागे घेतला तरी रांगेतली तुमची तारीख टिकते. नव्या कंपनीला पुढची कागदपत्रं नव्याने करावी लागतात, पण तुमची बारा-तेरा वर्षांची रांग पुसली जात नाही. म्हणून आय-१४० ची प्रत, निदान तिचा पावती क्रमांक, नोकरी चालू असतानाच मागून घ्या. आज घरी गेल्यावर सगळे आय-७९७ (इमिग्रेशन खात्याच्या मंजुरीच्या नोटिसा), डब्ल्यू-टू (वर्षाच्या पगार-कराची पत्रकं), शेवटच्या तीन पगारपावत्या आणि पर्म (ग्रीन कार्डाची पहिली पायरी) अर्जातलं कामाचं वर्णन स्वतःच्या घरच्या फाइलमध्ये आहे का बघा. लॅपटॉप बंद झाल्यावर हे मिळवायला आठवडा जातो. कंपनीच्या कामाच्या फाइल्स मात्र कॉपी करू नका. कायदेशीर अडचण तिथून सुरू होते.

विम्याचे साठ दिवस वेगळे. कोब्रा, म्हणजे जुन्या कंपनीचाच आरोग्यविमा पुढे चालू ठेवणं, घ्यायचा का ते ठरवायला ६० दिवस मिळतात, आणि घेतला तर तो विमा तुटल्या दिवसापासून मागे जाऊन लागू होतो. हप्ता पूर्ण आपला, वर दोन टक्के. सरकारी मार्केटप्लेसवरचा विमा घ्यायलाही ६० दिवस. तिन्ही साठ वेगवेगळ्या दिवशी सुरू होऊ शकतात आणि घाबरलेल्या डोक्यात त्यांची मिसळ होते. तीन रंगांनी लिहा.

सेव्हरन्सच्या कागदावर "शुक्रवारपर्यंत सही करा" असं म्हटलेलं असतं. वय चाळीस किंवा त्याहून जास्त असेल आणि त्या कागदात वयाच्या कारणावरून दाद मागण्याचा हक्क सोडायला सांगितलं असेल, तर कायद्याने विचाराला २१ दिवस द्यावे लागतात. अनेकांना एकदम काढलं असेल तर ४५. सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. चाळिशीच्या आतल्यांना हा आधार नाही, पण आठवडा मागितला तर बहुधा मिळतो. मागायला आपल्याला संकोच वाटतो. एच-वन-बीची मुदत संपायच्या आधी काढलं असेल तर त्या माणसाच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. तोही मागायचा.

आता रागाबद्दल. मीच का? माझ्यापेक्षा कमी काम करणारा तो राहिला कसा? हा प्रश्न पहिल्या आठवड्यात सुटत नाही आणि झोप खातो. पण त्याला दाबूही नका. रोज संध्याकाळी अर्धा तास त्याला द्या, वहीत तारखांसह लिहा. कोण काय बोललं, कधी बोललं, कुणासमोर बोललं. वय, वंश, मूळ देश, बाळंतपण अशा कारणाने काढल्याची शंका असेल, तर समान रोजगार आयोगाकडे तक्रार करायला १८० दिवस असतात, अनेक राज्यांत ३००. म्हणजे अन्यायाशी लढायला १८० दिवस आहेत आणि मुक्काम राखायला ६०. आधी काय हातात घ्यायचं ते या आकड्यांतूनच कळतं.

नोकरी जाणं आपल्या घराण्यांना नवीन नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. लालबाग-परळची मुलं आज या खुर्च्यांवर बसलेली आहेत. त्या चाळींत कुणाचं काय गेलं हे कुणाला लपवता येत नव्हतं. भिंतच तेवढी जाड नव्हती. कुणी गावाकडून तांदूळ आणला, कुणाच्या आईने खानावळीचे डबे वाढवले. उपासमारही झाली, घरं मोडली, त्या काळाला गोंडस करायचं कारण नाही. पण मुलांना हळू बोलावं लागत नव्हतं. आणि २००५ ची २६ जुलै आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. कमरेएवढ्या पाण्यात अनोळखी माणसाचा हात धरून आपण चाललो. पुढचा माणूस मागे ओरडून सांगायचा, "इथे खड्डा आहे!" ओरडून. हळू नाही.

इथे आपल्या भिंती जाड झाल्या आहेत. आणि मंडळी, थोडं रागावते. गणपतीत भेटलेल्या माणसाला आपला पहिला प्रश्न असतो, "मग, सध्या कुठे?" कंपनीचं नाव ऐकेपर्यंत आपण हात सोडत नाही. ज्याला कंपनी नाही, तो पुढच्या वर्षी गणपतीला येत नाही. "त्याचं गेलं म्हणे" हे आपण पार्किंगमध्ये कुजबुजतो, पण त्याला फोन करत नाही. करतो तेव्हा व्हॉट्सअॅपवर वाचलेला सल्ला देतो, जो कुठल्या तरी वेगळ्या व्हिसाच्या माणसाचा असतो. फोन करायचा तर असा करा: "मंगळवारी मुलांना शाळेतून मी आणतो." "माझ्या टीममध्ये जागा आहे, बायोडेटा आज रात्री पाठव." "तुझ्या चाळिसाव्या दिवसाची तारीख काय?" असा प्रश्न विचारणारा एक माणूस असला की पहिला आठवडा लाजेत वाया जात नाही. आणि तो आठवडा म्हणजे साठातले सात दिवस.

घरात मुलांना काय सांगायचं? बाबाची नोकरी गेली. यात त्याची चूक नाही, तुझीही नाही. शाळा, जेवण, सॉकर चालू आहे, आणि काही बदलणार असेल तर तुला आम्ही आधी सांगू. एवढं, नेहमीच्या आवाजात, जेवणाच्या टेबलावर. "काहीच बदलणार नाही" असं मात्र सांगू नका. मुलं ते वाक्य लक्षात ठेवतात.

त्या मुलाच्या आईवडिलांनी रविवारी संध्याकाळी त्याला हे सांगितलं. कॅलेंडर दाखवलं, गोल केलेली तारीख दाखवली. तो इथे जन्मलेला, त्याचा पासपोर्ट निळा, अमेरिकेचा. त्याने विचारलं, "हे साठ दिवस मला पण आहेत?" आई म्हणाली, नाही, तुला नाहीत. त्यावर तो बराच वेळ कॅलेंडरकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "मग मी कोणाबरोबर राहायचं?" विचारलं मात्र मोठ्या आवाजात.

त्या दोघांजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नाही. त्या घरात आज तेविसावा दिवस आहे.