डावीकडच्या खिडकीतली मुंबई

मित्रहो, विमानातून दिसणाऱ्या मुंबईवर बोलायचे म्हटले की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा रात्रीचे दिवे येतात. मला मात्र आज दिवसाउजेडी दिसणाऱ्या एका रेषेविषयी बोलायचे आहे, म्हणजे उंच इमारतींच्या माथ्यांमुळे आकाशात उमटणाऱ्या रेषेविषयी. ही आकाशरेषा पैशाने उभी केली किंवा ती वास्तुरचनाकारांच्या कल्पनेतून आली, असे आपण सहज बोलून जातो. माझे म्हणणे असे आहे की तिचा आकार मुख्यतः परवानग्यांनी ठरवला आहे, आणि त्यांतली एक परवानगी तर आपण ज्या विमानात बसलेलो असतो त्या विमानाच्या सोयीसाठीच आवश्यक केलेली आहे.

आधी थोडी भूमिती पाहू. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर दिसते. उंचावरून ते किंचित खाली सरकते, पण तो फरक येथे सोडून देता येईल. म्हणून जी इमारत आपल्या डोळ्यांपेक्षा उंच असते तीच क्षितिज ओलांडून आकाशात शिरते आणि बाकीच्या साऱ्या जमिनीला चिकटून राहतात. दहा किलोमीटर उंचीवरून लोअर परळचा सत्तरहून अधिक मजल्यांचा मनोरा आणि गिरगावातली चार मजल्यांची चाळ यांत फरक उरतो तो केवळ सावलीच्या लांबीचा. विमान उतरताना साधारण तीन अंशांच्या उताराने धावपट्टीकडे येते. श्रीनिवास मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या वर्ल्ड वन या इमारतीची उंची 280 मीटर आहे, आणि विमान तेवढ्या उंचीवर पोहोचते तेव्हा धावपट्टी जेमतेम सव्वापाच किलोमीटर दूर असते. हे अंतर विमान सव्वा मिनिटाच्या आसपास कापते. विमानाच्या खिडकीतून मुंबईची आकाशरेषा काटेकोर अर्थाने दिसते ती एवढाच वेळ, आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक प्रवासी मोबाइल सुरू करण्याच्या तयारीत असतात.

आता खिडकी कोणती घ्यावी, ते सांगतो. मुंबईत वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून वाहतो, आणि विमान वाऱ्याला तोंड देऊनच उतरते. विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्यामुळे बहुसंख्य विमाने पूर्वेकडून येतात: आधी नवी मुंबई, मग ठाण्याची खाडी आणि तिच्या काठची तिवरे, मग घाटकोपर. अशा वेळी दक्षिण मुंबई डाव्या हाताला असते. जवळच्या पट्ट्यात ट्रॉम्बेची टेकडी आणि वीजकेंद्राची धुरांडी दिसतात, त्यांच्यापलीकडे चेंबूर-वडाळ्याकडचे नवे मनोरे आणि सर्वांत मागे दादर, परळ, वरळीची दाट रांग. नरिमन पॉइंट या रांगेआड जवळजवळ लपतो. 1970च्या दशकात ‘मुंबईच्या उंच इमारती’ म्हटले की एअर इंडियाची इमारत आणि एक्स्प्रेस टॉवर्स एवढेच लोकांना आठवत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे उंचीचा केंद्रबिंदू किती उत्तरेला सरकला याचा अंदाज येतो.

या रांगेच्या अलीकडे, थेट विमानाखाली, शहर एकदम बुटके होते. धावपट्टीच्या पूर्व टोकाशी जरीमरी आणि आसपासच्या वस्त्या आहेत. विमान इतके खाली आलेले असते की पत्र्यांवर पसरलेले निळे प्लास्टिक, ते उडू नये म्हणून ठेवलेले जुने टायर आणि विटा, काळ्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि दोन छपरांमधल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे वेगवेगळे ओळखता येतात. ही घरे बुटकी का, हे वेगळे सांगायला नको. परंतु त्यांच्याभोवतीच्या पक्क्या सोसायट्याही बुटक्या आहेत, आणि त्याचे कारण गरिबी हे नाही.

विमानतळाभोवतीच्या बांधकामाची उंची आंतरराष्ट्रीय नियमांच्या धर्तीवर बांधलेली असते. धावपट्टीपासून चार किलोमीटरपर्यंत, ढोबळमानाने, विमानतळाच्या पातळीपेक्षा 45 मीटरहून उंच काही नको. त्यापुढे ही मर्यादा हळूहळू चढत जाते. आणि विमान ज्या सरळ वाटेने येते त्या वाटेखाली, धावपट्टीच्या अगदी तोंडाशी, ती याहूनही कडक असते. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर येथील रहिवासी याला ‘फनेल झोन’ म्हणतात, आणि तेथील जुन्या सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांमध्ये हा शब्द पाणीपट्टीइतकाच वेळा उच्चारला जातो. कागदावर चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल त्याचा हक्क, मिळते, पण वर जाता येत नसल्यामुळे ते वापरायला जागा नसते. बिल्डर हिशोब मांडतो आणि निघून जातो. वांद्रे-कुर्ला संकुलाकडे विमानातून पाहिले तर देशातल्या अत्यंत महागड्या जागेवरच्या त्या इमारती एकाच पातळीवर छाटल्यासारख्या दिसतात. तेथे कोणाची ऐपत कमी पडलेली नाही, हे स्पष्ट आहे.

वास्तविक सांताक्रूझची जागा विमानतळासाठी घेतली तेव्हा ती शहराबाहेरच होती. त्याआधी मुंबईचे विमान जुहूला उतरत असे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आले ते जुहूच्याच मैदानावर, आणि पावसाळ्यात ते मैदान चिखलाचे होत असल्यामुळे टपालसेवा पुण्याहून चालवावी लागे. सांताक्रूझला पक्की धावपट्टी झाली, पुढच्या काही दशकांत शहर उत्तरेकडे वाढत तिच्या दोन्ही अंगांनी पुढे निघून गेले आणि आकाशरेषेच्या मधोमध एक मोठी दरी कायमची पडली. दक्षिणेला दादर-परळ, उत्तरेला गोरेगाव ते बोरिवली, आणि मध्ये विमानांची वाट.

आता परळकडे वळतो, कारण या रेषेचा सर्वांत उंच भाग तेथे आहे आणि तो तेथेच का, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गिरगाव किंवा भुलेश्वर शहराच्या जुन्या व्यापारी गाभ्याला अधिक जवळ. मग मनोरे तेथे का उगवले नाहीत? उत्तर जमिनीच्या तुकड्यांच्या आकारात आहे. गिरगावातल्या इमारती लहान भूखंडांवर, एकमेकींना खेटून आणि भाडेकरूंनी भरलेल्या. 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने तेथील भाडी गोठवली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना. मनोऱ्याला मात्र भोवती मोकळी जागा, गाड्यांसाठी जागा आणि अग्निशमनाच्या बंबाला फिरता येईल एवढा रस्ता लागतो. एवढे मोठे, एकाच मालकाचे आणि एका सहीने विकता येतील असे भूखंड मुंबई बेटावर फक्त गिरण्यांकडे आणि बंदर, रेल्वे यांसारख्या सरकारी संस्थांकडे होते.

पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854मध्ये ताडदेवला काढली. पुढे परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी हा पट्टा गिरणगाव झाला, आणि त्या काळात मुंबईची ओळख सांगणारी उभी रेषा होती ती गिरण्यांच्या चिमण्यांची. त्यांतल्या काही चिमण्या आजही उभ्या आहेत. फिनिक्स मिलच्या आवारातली मॉलच्या गर्दीत मान वर केली तर दिसते, विमानातून शोधूनही सापडणे कठीण. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, असे गिरणगावातली जुनी माणसे आजही सांगतात. गिरण्या बंद पडत गेल्या आणि शेकडो एकर जमीन एका वेळी मोकळी होण्याच्या मार्गाला लागली.

1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 क्रमांकाचा नियम असे म्हणत होता की गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. हा नियम तसाच अमलात आला असता तर डावीकडच्या खिडकीतून आपल्याला परळमध्ये मनोऱ्यांच्या जोडीने मोठाली हिरवी मैदानेही दिसली असती. 2001मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त ज्या भागावर मुळात बांधकामच नव्हते त्या मोकळ्या जमिनीपुरती राहिली. गिरणी म्हणजे बहुतांशी शेडखालची जमीन, त्यामुळे वाटणीला फारच थोडे उरले. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2001चा बदल उचलून धरला. त्यानंतर परळच्या आकाशात पिवळ्या क्रेन दिसू लागल्या. एका नियमातले काही शब्द बदलल्याने आकाशाचा आकार बदलल्याचे याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

ताडदेवचे इम्पिरियल टॉवर्स ही आणखी एक नोंद घेण्याजोगी जोडी. टोकदार माथ्यामुळे हे दोन मनोरे दुरूनही ओळखू येतात. ते 2010च्या सुमारास पूर्ण झाले, दोनशे मीटरहून उंच आहेत, आणि झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून उभे राहिले आहेत. जागेवरच्या झोपडीधारकांना पायथ्याशी इमारती बांधून घरे द्यायची आणि त्या बदल्यात वाढीव चटईक्षेत्र घेऊन विक्रीचे मनोरे उभारायचे, असा या योजनेचा व्यवहार. म्हणजे खाली जितकी दाट वस्ती, तितकी वर उंची अधिक. हल्ली लालबाग-गिरगावातल्या चाळींमधूनही एकेकटा मनोरा वर आलेला दिसतो, तो उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या पुनर्विकासाला मिळणाऱ्या अशाच वाढीव चटईक्षेत्राचा परिणाम आहे.

ही रेषा रोज सारखी दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, धूळ आणि धूर तिच्यातच कोंडतात, आणि विमान त्या तपकिरी थराच्या वर असेपर्यंत केवळ मनोऱ्यांचे माथे बाहेर आलेले दिसतात. विमान थरात शिरले की तेही पुसट होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस पडून गेल्यावरच्या एखाद्या दुपारी, हवा धुतलेली असते आणि वरळीच्या मनोऱ्यांमागचा समुद्रही दिसतो. ज्यांना निवड करता येईल त्यांनी हा हंगाम निवडावा.

उजव्या खिडकीविषयी थोडक्यात. तिकडे पवईचा तलाव आणि हिरानंदानीच्या इमारती, मागे सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातला 1860चा विहार तलाव, आणि पलीकडे ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यातली नवी रांग दिसते. तेथेही मनोरे जंगलाच्या हद्दीशी येऊन एकदम थांबतात; ती रेषा वन खात्याची.

ऑक्टोबर 2025मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, कारण टेकडीलाही उंचीची परवानगी लागू होते. आता पनवेल, उलवे, खारघर या भागांतल्या बांधकामांना नव्या धावपट्ट्यांचा हिशोब लागू झाला आहे आणि तेथील सोसायट्यांच्या सभांमध्येही फनेल झोन हा शब्द पोहोचला आहे. तेथे उतरणाऱ्या विमानाच्या खिडकीतून आणखी वीस वर्षांनी कोणती रेषा दिसेल, याचा अंदाज बांधायचा असेल तर बिल्डरांच्या जाहिराती पाहण्याऐवजी विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत पट्ट्यांचा उंचीचा नकाशा उघडून बसावे, एवढीच माझी सूचना आहे.