स्वतःच दिलेला वन्स मोअर

(काळा पडदा. रेडिओची खरखर. मग सुई तबकडीला टेकल्याचा आवाज.)

सप्टेंबर 1978. लंडनमध्ये रात्रीचे दहा वाजून गेलेत. बीबीसीच्या रेडिओ वनवर चाळिशीला टेकलेला एक माणूस सात इंची तबकडी लावतो. गाणं पुरतं अडीच मिनिटांचंही नाही. ते संपतं. आणि मग रेडिओवर सहसा कुणी करत नाही ते तो करतो. तेच गाणं, लागोपाठ, पुन्हा पहिल्यापासून लावतो.

संगीत नाटकातला वन्स मोअर आपल्याला ठाऊक आहे. पण तो द्यायचा मान प्रेक्षकांचा. इथे समोर प्रेक्षकच नाहीत, आणि निवेदकानं स्वतःच स्वतःला वन्स मोअर दिलाय.

निवेदकाचं नाव जॉन पील. गाण्याचं नाव 'टीनएज किक्स'. गाणारी पोरं उत्तर आयर्लंडच्या डेरी गावची, बँड 'द अंडरटोन्स'. त्या रात्रीपर्यंत गावाबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं.

(डेरीचा जुना तट. खाली दाटीवाटीची घरं.)

डेरी म्हणावं की लंडनडेरी, इथपासून या गावात भांडण आहे. नाव घेतलंत की तुम्ही कुठल्या बाजूचे, आयर्लंडकडे झुकणाऱ्या कॅथलिकांचे की ब्रिटनकडे झुकणाऱ्या प्रोटेस्टंटांचे, ते समोरच्याला कळतं. तेव्हा रस्त्यावर ब्रिटिश सैनिक, नाक्यानाक्यावर झडती. अशा गावातली ही पाच पोरं: फिअरगल शार्की गायला, जॉन आणि डेमियन ओनील हे दोघे भाऊ गिटारवर, मायकेल ब्रॅडली बेसवर, बिली डोहर्टी ड्रमवर. गावातल्या 'कॅसबा' नावाच्या पबमध्ये वाजवायचे. आणि रात्री रेडिओला कान लावून जॉन पील ऐकायचे.

बाहेरचे बँड तेव्हा इकडे यायचे नाहीत, आणि त्याला एक भयंकर कारण आहे. 31 जुलै 1975 च्या रात्री 'मायामी शोबँड' हा लोकप्रिय वाद्यवृंद कार्यक्रम आटोपून घरी निघाला होता. सैन्याची तपासणी वाटावी अशा बेतानं बंदूकधाऱ्यांनी त्यांची गाडी अडवली. बँडमधले तिघे ठार झाले. त्यानंतर उत्तर आयर्लंडचा दौरा म्हटलं की कलाकार काढता पाय घ्यायला लागले. बाहेरून गाणी येईनात, तेव्हा इथल्या पोरांनी आपली आपण वाजवायला घेतली. त्यांचं संगीत पंक, म्हणजे वेगवान, ओबडधोबड रॉक. पंकला सूर पक्के लागत नाहीत, महागडी वाद्यंही लागत नाहीत. तीन कॉर्ड येत असतील तर भागतं.

(बेलफास्ट. ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीट.)

हा रस्ता तेव्हा बॉम्बस्फोटांसाठी कुप्रसिद्ध. लोक इथली दुकानं बंद करून चाललेले, आणि टेरी हूली नावाच्या गृहस्थानं इथेच रेकॉर्डचं दुकान थाटलं. नाव काय ठेवलं? 'गुड व्हायब्रेशन्स'. हूलीचा एक डोळा लहानपणीच गेलेला. व्यवहार त्याला कधीच जमला नाही, हे पुढे दिसेलच. गाणं मात्र कळायचं. दुकानात कॅथलिक पोरं यायची, प्रोटेस्टंट पोरंही यायची. बाहेर एकमेकांच्या गल्लीत पाऊल न टाकणारी ही पोरं आत एकाच खोक्यात हात घालून रेकॉर्ड चाळायची.

एके दिवशी त्यानं 'रूडी' नावाच्या स्थानिक बँडला ऐकलं आणि ठरवलं, यांची रेकॉर्ड आपणच काढायची. असं दुकानाचं लेबल, म्हणजे स्वतःची रेकॉर्ड कंपनी, झालं. याच लेबलची चौथी तबकडी अंडरटोन्सची.

ध्वनिमुद्रण जून 1978 मध्ये, बेलफास्टच्या विझर्ड स्टुडिओत. खर्च सुमारे 200 पौंड. चार गाणी, एका दिवसात. कव्हर म्हणजे एक मोठा कागद, घडी घालून तबकडीभोवती गुंडाळलेला. उलगडलात की पोस्टर.

स्वतःच्या पैशानं रेकॉर्ड काढण्याची ही कल्पना त्यांची एकट्यांची नव्हे. जानेवारी 1977 मध्ये मँचेस्टरच्या 'बझकॉक्स'नी घरच्यांकडून, मित्रांकडून 500 पौंड उसने घेऊन आपली तबकडी काढली होती. सुरुवातीला फक्त हजार प्रती. कव्हरच्या मागे त्यांनी चक्क छापलं की कुठलं गाणं कितव्या टेकला ओके झालं. म्हणजे बघा, यात जादू काही नाही, तुम्हीही करा. इंग्लंडभर पोरांनी ते वाचलं आणि केलंही.

(लंडन. रेकॉर्ड कंपन्यांच्या पाट्या.)

तबकडी काढणं जमलं. ती कुणी ऐकायची, हा खरा प्रश्न. हूली पिशवीत तबकड्या घालून लंडनला गेला, कंपन्यांचे उंबरे झिजवले. कुणी हिंग लावून विचारलं नाही. हात हलवत परतला. एक प्रत तेवढी जॉन पीलकडे पोचली.

इथे थोडं थांबू, कारण पीलची पद्धत समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपण बिनाका गीतमाला ऐकायला बसायचो ते आधीच आवडलेल्या गाण्याचा नंबर कितवा लागला ते कळावं म्हणून. पीलचा कार्यक्रम त्याच्या बरोब्बर उलटा. तिथे कुणीच न ऐकलेलं गाणं लागायचं. रेडिओ वन 1967 मध्ये सुरू झालं तेव्हापासून 2004 मध्ये मरेपर्यंत, 37 वर्षं, त्यानं हेच केलं. रोजची टपाल म्हणजे तबकड्या आणि कॅसेट यांचा ढीग. सफोकमधल्या घरापासून लंडनपर्यंतच्या लांबच्या ड्रायव्हिंगमध्येही गाडीत तेच ऐकणं चालू. 1976 मध्ये त्यानं 'रमोन्स' हा अमेरिकन पंक बँड लावला तेव्हा जुने श्रोते खवळले, संतापाची पत्रं आली. त्यानं लावणं थांबवलं नाही. कधीकधी तबकडी चुकीच्या वेगानं लावायचा आणि बराच वेळ त्याच्या लक्षातही यायचं नाही.

आणखी एक गंमत. बीबीसीनं दिवसात किती वेळ रेकॉर्ड वाजवायच्या, यावर वादकांच्या संघटनेशी आणि रेकॉर्ड कंपन्यांशी झालेल्या करारानं मर्यादा होती. उरलेला वेळ भरायचा कसा? बँडला स्टुडिओत बोलवा, गाणी नव्यानं वाजवून घ्या. यातूनच 'पील सेशन' जन्माला आलं. बीबीसीच्या मेडा व्हेल स्टुडिओत सकाळी यायचं, रात्रीपर्यंत साधारण चार गाणी मिक्सिंगसकट पूर्ण करायची. अशी चार हजारांवर सेशन्स झाली. खिशात दमडी नसलेल्या कितीतरी बँडना चांगला स्टुडिओ पहिल्यांदा बघायला मिळाला तो असा. अडचणीतून एवढं देखणं काही उगवल्याचं उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही.

(तबकडीवरच्या लेबलचा क्लोजअप. हातानं काढलेल्या चांदण्या.)

तर पीलची सवय अशी, की आवडलेल्या गाण्याला एक ते पाच चांदण्या द्यायच्या. 'टीनएज किक्स'ला त्यानं दिल्या 28.

आणि मग ती रात्र. गाणं दोनदा वाजलं. त्या दिवसांत लंडनमध्ये असलेल्या सीमोर स्टीन या अमेरिकन माणसाच्या कानावर हे गाणं पडलं, तेही पीलच्याच कार्यक्रमातून. रमोन्सना करारबद्ध करणारी 'सायर' कंपनी याचीच. त्यानं लगोलग आपला माणूस डेरीला धाडला. ऑक्टोबरमध्ये तबकडी सायरच्या नावानं पुन्हा बाजारात आली आणि ब्रिटिश यादीत 31 व्या क्रमांकापर्यंत गेली. फार वर नव्हे. पण डेरीची ही पोरं 'टॉप ऑफ द पॉप्स'वर, अख्ख्या देशाच्या टीव्हीवर झळकली.

हूलीच्या हाती फारसं काही लागलं नाही. 1982 मध्ये त्याचं दिवाळं निघालं. पठ्ठ्यानं नंतर पुन्हा दुकान काढलं, तेही त्याच नावानं. अंडरटोन्स 1983 मध्ये फुटले.

(सफोक. ग्रेट फिनबरोचं चर्च. गवतात एक दगड.)

पील 25 ऑक्टोबर 2004 रोजी पेरूमधल्या कुस्कोत, सुट्टीवर असताना गेला. अंत्यविधीत शवपेटी बाहेर नेताना 'टीनएज किक्स' वाजलं. इथे, त्याच्या थडग्याच्या दगडावर, नावाखाली त्याच गाण्यातली एक ओळ कोरली आहे.

ते गाणं आम्हाला या व्हिडिओत पूर्ण लावता येत नाही. हक्कांचा प्रश्न आहे, तेव्हाही होता, आताही आहे. तुम्ही मात्र हा व्हिडिओ संपला की शोधा. अडीच मिनिटांच्या आतलं आहे, दोनदा ऐकलंत तरी चहा गार होणार नाही.

(सुई टेकल्याचा आवाज. काळा पडदा.)